सोसायटीचं लाईट बिल, पार्किंगचे सेन्सर आणि गच्चीवरची कॉईल

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला, दोन बिल्डिंग, स्टिल्ट पार्किंग, त्याखाली बेसमेंट आणि दोन्ही गच्च्यांवर बिल्डरने बसवून दिलेले सोलर वॉटर हीटर. गेल्या वर्षभरात आम्ही कॉमन लाईटचे आणि गरम पाण्याचे कंट्रोल बदलले. मी खजिनदार आहे त्यामुळे कोटेशन मागवण्यापासून बिलं तपासण्यापर्यंत सगळं माझ्या हातून गेलं, आणि आता ओळखीतल्या दोन-तीन सोसायट्यांच्या कमिटीवाल्यांनी विचारलंय म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी बिलाचं गणित, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं फुकट. कॉमन मीटरला महावितरण घरगुती दर लावतं आणि घरगुती दर म्हणजे स्लॅब आले, पहिले १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि ५०० च्या वर सगळ्यात महाग. आपल्या घरातलं बिल खालच्या स्लॅबमधे फिरत असतं म्हणून युनिटचा दर डोक्यात तोच बसलेला असतो, पण आमच्या कॉमन मीटरला महिन्याला साडेचार हजाराच्या आसपास युनिट पडायचे, म्हणजे पहिले ५०० तीन-चार दिवसात संपले की उरलेला अख्खा महिना वरच्या स्लॅबमधे, आणि त्याच्यावर वहन आकार, इंधन समायोजन, शिवाय वर १६ टक्के वीज शुल्क. याची चांगली बाजू अशी की वाचवलेला प्रत्येक युनिट त्या महागड्या टोकावरून कमी होतो. हे मी जेव्हा कागदावर मांडून कमिटीला दाखवलं तेव्हा "लाईटचे असे कितीसे पैसे वाचणार" हे वाक्य बंद झालं.

मग युनिट जातात कुठे हा प्रश्न. सगळ्यांचं बोट लिफ्टकडे. लिफ्ट दिसते, आवाज करते, म्हणून तिच्यावर संशय. पण लिफ्टची मोटर चालते तेवढाच वेळ खाते. आमच्या वायरमन दादांनी क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजतात तो) घेऊन डीबीतली, म्हणजे जिथून सगळ्या लाईनी फुटतात त्या पेटीतली, एकेक लाईन चेक केली आणि मी त्यांना म्हटलं की नुसत्या क्लॅम्पने त्या क्षणाचं कळतं, दिवसभराचं नाही, तर गच्चीवर सोलरच्या टाक्यांमधे विजेने पाणी तापवायला ज्या दोन कॉईल आहेत त्यांच्या लाईनीला आणि पार्किंग लाईटच्या लाईनीला साधे सबमीटर बसवू, म्हणजे तेवढ्याच लाईनीचे युनिट वेगळे कळतील. फार खर्च नाही त्याला. वॉचमन काकांना एक वही दिली, सकाळी ६, सकाळी ९, संध्याकाळी ६ असं रीडिंग लिहायचं. काकांनी एकही दिवस चुकवला नाही, पुढचं सगळं काम त्या वहीवर उभं राहिलं. कोणाला काही करायचं असेल तर पहिला खर्च सबमीटरवर करा, सेन्सरवर नको.

वहीतनं दोन गोष्टी बाहेर आल्या. एक अपेक्षित होती, बेसमेंट आणि पार्किंगच्या ट्यूब. जुन्या ३६ वॅटच्या ट्यूब, लोखंडी चोकवाल्या, चोक धरून एकेक ट्यूब साधारण ४८ वॅट खाते. बेसमेंटमधे दिवसा पण अंधार म्हणून २४ तास चालू. एका ट्यूबचे महिन्याला जवळजवळ ३५ युनिट होतात, आणि अशा आमच्याकडे ४० ट्यूब होत्या. चौदाशे युनिट, आणि त्या बेसमेंटमधे दुपारी २ ते ४ मधे चिटपाखरू नसतं. दुसरी गोष्ट गच्चीवरची, तिच्याकडे नंतर येते, कारण ती मोठी आहे.

लाईटसाठी कोटेशन मागवली तेव्हा एका पार्टीने एकदम भारी सिस्टीम दाखवली, सगळे दिवे वायफायवर, मोबाईलमधे ॲप, कुठला दिवा किती वेळ चालला त्याचा ग्राफ वगैरे. दिसायला सुंदर होतं खरंच. पण मी तीन गोष्टी विचारल्या. बेसमेंटमधे मोबाईलची रेंज येत नाही तिथे नेटवर्क कसं देणार, त्याला वेगळे राऊटर आणि त्यांची वीज. दर वर्षी सबस्क्रिप्शन भरायचं, ते नाही भरलं तर दिवे चालतील का. आणि कमिटी बदलली की पासवर्ड कोणाकडे, कारण सोसायटीत कमिट्या बदलतात, माणसं फ्लॅट विकून जातात, पाण्याच्या टाकीच्या किल्लीचा घोळ ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. समाधानकारक उत्तर आलं नाही. आम्ही ठरवलं की प्रत्येक दिव्याचा सेन्सर दिव्यातच असेल, मधे इंटरनेट नको, एखादा बिघडला तर तेवढाच बदलायचा. माझं अजूनही ठाम मत आहे की सोसायटीसाठी हेच बरोबर.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय ठेवला. विरोध झाला आणि तो रास्त होता. बी बिल्डिंगमधल्या एक ताई नाईट शिफ्ट करून रात्री दीडला येतात, त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, बिल वाचवायचं ते वाचवा, पण मी गाडी लावायला काळोखात उतरणार नाही." मी त्यांना सांगितलं की अंधार होणारच नाहीये, कोणी नसताना दिवा पूर्ण बंद न होता २० टक्क्यांवर येईल आणि हालचाल दिसली की लगेच पूर्ण लागेल. तरी नुसत्या शब्दावर ठराव नको म्हणून आधी रॅम्पजवळच्या एका लायनीत सेन्सरवाल्या सॅम्पल एलईडी ट्यूब लावल्या आणि ताईंनाच रात्री बघायला सांगितलं. त्यांनी होकार दिल्यावरच पुढे गेलो. सीसीटीव्हीचं चित्र पण तेव्हाच तपासलं, २० टक्के उजेडात गाडीचा नंबर वाचता येतो का ते बघितलं, दोन कोपऱ्यांत येत नव्हता तिथे मंद उजेड थोडा वाढवून घेतला.

आता सेन्सर कुठला घ्यायचा, यात दुकानदार नीट सांगत नाहीत म्हणून जरा खोलात लिहिते. दोन प्रकार असतात, एक पीआयआर आणि एक मायक्रोवेव्ह. पीआयआर हा आपल्या शरीराची उष्णता हलताना बघतो, आपण त्याच्या समोरून आडवे गेलो तर पटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आलो तर उशिरा. काचेतून त्याला दिसत नाही, म्हणजे बंद गाडीत बसलेला माणूस त्याच्या लेखी नाहीच. आणि एप्रिल-मे मधे पुण्यात पारा ३८-४० ला गेला की हवा आणि माणूस यात फरकच उरत नाही, मग तो मंदावतो. मायक्रोवेव्ह म्हणजे छोटा रडारच, त्याला उष्णतेशी घेणंदेणं नाही, हलणारी गाडी लांबून पकडतो. म्हणून बेसमेंटला मायक्रोवेव्ह घेतले. पण तोच मायक्रोवेव्ह जिन्यात आणि लॉबीत लावला तर लाकडी दारातून आरपार बघतो, आतल्या खोलीत कोणी पाणी प्यायला उठलं की बाहेर लॉबीचा दिवा लागतो, आणि रात्रभर हे चालू. म्हणून जिन्याला पीआयआर. ही एवढी विभागणी केली नसती तर अर्ध्या तक्रारी त्यातच आल्या असत्या.

बसवताना मी दादांच्या बरोबर शिडीखाली उभी होते. ट्यूबच्या टोकाचं झाकण काढलं की आत सेन्सरच्या पट्टीवर छोटी पांढरी बटणं असतात, टाचणीने सरकवायची, एकाने किती लांबचं दिसावं ते ठरतं, १०० टक्के, ७५, ५०, दुसऱ्याने दिवा किती वेळ पूर्ण उजेडात राहावा ते, तिसऱ्याने आजूबाजूला किती उजेड असेल तर लागूच नये ते. कंपनीतनं येताना सगळं १०० टक्क्यांवर येतं. तसंच लावलं तर वर रस्त्यावरून बस गेली तरी रॅम्पचा दिवा लागतो. रॅम्पच्या तोंडाशी आम्ही ५० टक्के ठेवलं, आत ७५, पूर्ण उजेडाची वेळ दोन मिनिटं. हे सेटिंग प्रत्येक जागी वेगळं लागतं, आणि काम करणारा माणूस ते करायला तयार नसेल तर त्याला काम देऊ नका. आणखी एक, जुन्या पट्टीतला चोक आणि स्टार्टर काढून सरळ वायर द्यायची, काही जण चोक तसाच ठेवतात आणि तो उगाच गरम होत राहतो.

जिन्यात मात्र सुरवातीच्या सेटिंगने चाललं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे सर वॉकर घेऊन चालतात, लिफ्ट बंद असेल तेव्हा एकेक पायरी थांबत थांबत चढतात, मधल्या लँडिंगवर दम खायला उभे राहतात आणि उभा माणूस पीआयआरला दिसत नाही, दिवा मंद व्हायचा. सरांनी तक्रार केली नाही, त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. त्या दिवशीच जिन्यातली वेळ वाढवून पाच मिनिटं केली आणि मंद उजेड २० वरून ४० टक्के केला, दोन लँडिंगवर सेन्सरची जागा बदलून असा लावला की खालून येणारा आणि वर जाणारा दोघंही त्याच्या आडवे जातील. त्यातनं युनिट थोडे जास्त जातात, जाऊदे. जिन्यात पडून कोणाचं हाड मोडलं तर कुठल्या बिलाची बचत मोजायची.

बाहेरच्या गेटच्या आणि बागेच्या दिव्यांना सेन्सर नको होता, तिथे सूर्याप्रमाणे चालणारा टायमर घेतला. त्यात शहराचे अक्षांश रेखांश टाकायचे, पुण्याचे साधारण १८.५ आणि ७३.८५, मग तो रोजचा सूर्यास्त स्वतःच काढतो. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि जुलैच्या सुरवातीला सव्वासातला, आणि आमच्याकडे वर्षभर संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दिवे लागायचे. काम छोटं, पैसे लगेच वसूल, याच्यावर जास्त लिहित नाही.

आता गच्ची. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते हेच.

प्रत्येक बिल्डिंगवर २००० लिटरची गरम पाण्याची टाकी, काचेच्या नळ्यांचं सोलर, आणि ढगाळ दिवसासाठी टाकीत ६ किलोवॅटची कॉईल. कॉईलला थर्मोस्टॅट, ६० ला सेट. कागदावर एकदम बरोबर, पाणी ६० च्या खाली गेलं की कॉईल चालू, ६० झालं की बंद. पण काकांच्या वहीत सकाळी ९ आणि संध्याकाळी ६ च्या रीडिंगमधे दणकून फरक दिसायला लागला, भर उन्हात! एकेका टाकीचे दिवसाला २५ ते ३० युनिट, आणि तेही ऐन मार्चमधे, आकाशात ढगाचा तुकडा नाही.

कारण शोधायला गच्चीवर गेलो तेव्हा उलगडलं. सकाळी ६ ते ८ मधे सगळ्यांच्या आंघोळी होतात, निम्मी टाकी रिकामी होते आणि तेवढंच गार पाणी खालून आत येतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर टाकीच्या तळाशी. त्याला लगेच गार लागतं आणि तो कॉईल चालू करतो, सकाळी आठला. आता हिशोब बघा, १००० लिटर पाणी २२ वरून ६० डिग्रीला न्यायला साधारण ४४ युनिट लागतात, ६ किलोवॅटच्या कॉईलला त्याला सात तासाच्या वर वेळ लागेल, म्हणजे आठला सुरू झालेली कॉईल एकटीच असती तर दुपारी तीनपर्यंत, आणि ऊन मदतीला असूनही चार-पाच तास. नेमके तेच तास सूर्याचे! ऊन पण तापवतंय आणि कॉईल पण तापवतेय. ताट आधीच वाढून भरलेलं असेल तर मागून आलेल्या वाढप्याने काय करायचं, तशी त्या उन्हाची गत. संध्याकाळी टाकीचं पाणी ७५ च्या वर गेलेलं, एवढं गरम कोणालाच नको, रात्री आठनंतर कोणी वापरत नाही आणि जितकं जास्त गरम तितकी रात्रभर जास्त उष्णता बाहेर जाते. बिल्डिंग झाल्यापासून वर्षानुवर्षं आम्ही सोलर असूनही विजेने पाणी तापवत होतो आणि सगळे म्हणायचे आमच्याकडे सोलर मस्त चालतं, बारा महिने गरम पाणी येतं. येणारच की. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, इतकी चांगली यंत्रणा डोक्यावर असून तिला काम करू दिलं जात नव्हतं.

उपाय अगदी साधा निघाला. कॉईलच्या लाईनीत कॉन्टॅक्टर (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि टायमर टाकला, कॉईलला फक्त पहाटे ३ ते ६ या वेळात चालायची परवानगी, तीही टाकीच्या वरच्या भागातलं पाणी ५० च्या खाली असेल तरच. म्हणजे दिवसभर सूर्याला पूर्ण संधी द्यायची, संध्याकाळपर्यंत त्याला जमलं तर उत्तम, नाही जमलं तर आंघोळीच्या आधी उरलेलं काम कॉईल करेल. सेन्सर तळातून काढून वरच्या पॉकेटमधे घातला, कारण गरम पाणी वर राहतं आणि नळाला तेच जातं, तळाचं तापमान बघून निर्णय घेण्यात अर्थच नाही. कॉईल बाहेर काढली तेव्हा तिच्यावर टँकरच्या पाण्याच्या क्षाराचा जाड थर होता, तो साफ केला. टायमरच्या आतला छोटा रिले, म्हणजे त्याचा स्वतःचा लहान स्विच, थेट कॉईलचा करंट घ्यायला वापरू नका, कॉन्टॅक्टर हवाच, दादांनी यावर अजिबात तडजोड केली नाही.

लोक म्हणाले थंडीत हाल होतील. झाले नाहीत. पुण्याच्या थंडीत पाणी गार असतं पण आकाश स्वच्छ असतं, दिवसभर चांगलं ऊन मिळतं. डिसेंबरमधे कॉईल फार कमी वेळा लागली. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमधे, आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, तेव्हा कॉईल रोज पहाटे तीन तास चालली. पण तरी तीन तास गुणिले ६, म्हणजे रविवारचा प्रोग्रॅम सोडला (तो खाली सांगते) तर टाकीमागे दिवसाला १८ युनिटच्या वर जाऊच शकत नाही, आधीच्या उन्हाळ्यातल्या आकड्यापेक्षाही कमी. त्या दिवसात पाणी थोडं कोमट आलं तर चालवून घ्या असं नोटीस बोर्डवर लिहिलं, बहुतेकांनी घेतलं, ज्यांच्याकडे तान्हं बाळ आहे त्यांनी घरचा गीझर लावला. एक काळजी मात्र घेतली, टाकीत पाणी दिवसेंदिवस कोमटच राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात, ६० डिग्रीला ते मरतात. ऊन असताना पाणी आपोआप ६० च्या वर जातंच, पण पावसाळ्यासाठी टायमरमधे रविवारचा वेगळा प्रोग्रॅम टाकला, त्या रात्री लवकर चालू होऊन पाणी ६० ला नेतो. हे सोडून फक्त तापमान खाली आणून बचत करणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन, असं करू नका.

मग राहिली पाईपलाईन. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत गरम पाण्याचा पाईप, पहाटे त्यातलं पाणी थंडगार झालेलं. २५ मिमीच्या पाईपमधे मीटरला जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं, ३० मीटर म्हटलं की १५ लिटर, पहिल्या मजल्यावरच्या माणसाने एक बादली ओतून द्यायची मग गरम येणार. आमच्या ए बिल्डिंगला रिटर्न लाईन, म्हणजे पाईपातलं गार झालेलं पाणी परत टाकीत नेणारा पाईप, आणि छोटा पंप होता, पण तो २४ तास फिरत ठेवलेला, म्हणजे रात्रभर टाकीतलं गरम पाणी उघड्या पाईपातून फिरवून थंड करण्याचा कार्यक्रम. त्याला पण टायमर, पहाटे ५ ते ९, आणि पाईप गरम झाला की पंप थांबतो. गच्चीवरच्या पाईपला काळा फोम गुंडाळला, त्याच्यावर ॲल्युमिनियमची टेप मारून, कारण उघडा फोम उन्हाने दोन-तीन वर्षात भुसभुशीत होऊन गळून पडतो. बी बिल्डिंगला रिटर्न लाईनच नाही, डक्टमधे नवीन पाईप टाकायला जागा आहे का ते अजून बघायचंय, त्यामुळे तिथल्या खालच्या मजल्यांची बादली अजून वाया जातेय आणि त्यांचं म्हणणं मला मान्य आहे की पैसे सगळ्यांनी भरलेत.

सोलर दुरुस्तीत पैसे घालू नका, काढूनच टाका, असंही सभेत कोणी म्हणालं होतं. पुणे महापालिका चालू स्थितीतल्या सोलरसाठी मिळकत करात ५ टक्के सवलत देते, जोडीला गांडूळ खत किंवा रेनवॉटर असेल तर १० टक्के, ती प्रत्येक फ्लॅटला मिळते, हे सांगितल्यावर तो विषय मिटला.

आकडा सांगायचा तर महिन्याला साडेचार हजार युनिटवरून आम्ही आता चांगल्या महिन्यात दोन हजाराच्या थोडं वर आहोत, पावसाळ्यात जरा जास्त. बेसमेंटची ट्यूब, दिवसातले चार तास पूर्ण आणि बाकी मंद असं धरलं, तर महिन्याला ५ युनिटच्या आत बसते, जी आधी ३५ खायची. सेन्सरवाल्या काही ट्यूब वळवाच्या पहिल्या पावसात, वीज कडाडली त्या रात्री गेल्या, वॉरंटीत बदलून मिळाल्या आणि मग पार्किंगच्या डीबीत सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण, बसवलं. ते पहिल्या कोटेशनमधेच मागा.

आता कमिटीत छतावरच्या सोलर पॅनेलचा विषय चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मधे सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅट पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिट देतं, म्हणजे आम्ही जे चोवीसशे युनिट कमी केले तेवढे पॅनेलने काढायचे म्हटले असते तर २० किलोवॅटचा प्लँट जास्तीचा लागला असता, आणि तेवढी मोकळी जागा आमच्या गच्चीवर नाहीच, अर्धी जागा पाणी तापवणाऱ्या नळ्यांनी घेतलीय. दोन पार्ट्यांनी मागच्या वर्षीच्या बिलावरून मोठ्या प्लँटची कोटेशन पाठवली होती, ती परत केली, नवीन रीडिंगच्या झेरॉक्स दिल्यात आणि याच्यावरच हिशोब करून आणा म्हणून सांगितलंय.